शाराकूची बाई आणि आपली भामिनी

बालगंधर्वांचे स्त्रीवेशातले छायाचित्र पाहताना मी त्यातला पुरुष शोधतो. तो सापडत नाही. १९११च्या ‘मानापमान’मधल्या भामिनीने नारायणराव राजहंस पुरते पुसून टाकले. नट म्हणून ते यश मोठेच, पण चित्र म्हणून मला ते अपुरे वाटते.

जपानात १६२९मध्ये स्त्रियांना काबुकीत बंदी झाली. पुढे तिथेही पुरुषच स्त्रिया साकारू लागले. लाकडी ठशांवरून छापलेली नटांची चित्रे एदोतले (आजचे टोकियो) रसिक विकत घेत. बहुतेक चित्रकार अशा नटाची सुंदर स्त्रीच करीत. १७९४मध्ये शाराकू आला. त्याने यादोरिगीच्या भूमिकेतला दुसरा सेगावा तोमिसाबुरो काढला: लांबट चेहरा, जाड जबडा, बारीक डोळे, मागे अभ्रकाची काळसर चमक. बाईचा पोशाख, आत सरळ पुरुष. दहाएक महिन्यांत दीडशेच्या आसपास चित्रे करून हा माणूस नाहीसा झाला. कोणी याला टवाळी म्हणतात. मला पटत नाही. नट दिसतो म्हणूनच त्याची मेहनत दिसते.

हे मला पुस्तकांआधी दशावताराने शिकवले. आमच्या तळेरे भागात जत्रेचे नाटक पहाटेपर्यंत चालते. स्वतःच रंगलेली राणी उजाडताना पाहावी. घामाने रंग ओघळलेला, खाली हिरवट दाढी, तरी तिच्या विलापाने म्हाताऱ्या डोळे पुसतात. पिंगुळीच्या चित्रकथीत रामायण-महाभारत आहे, हे नट नाहीत. त्यांचा ठसा कोणी घेतला नाही.

माझ्याकडे एकच फोटो आहे: नाटक संपल्यावर चहा पिणारी राणी. तो मी भामिनीशेजारी लावला आहे.