ब्लास्टेमा दिसला नाही, म्हणजे नक्की काय बिघडलं?

प्लॅनेरिया आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ओळखीचा. तुकडे करा, तुकड्यातून नवा प्राणी तयार. बोर्डाच्या परीक्षेत तेवढ्यावर मार्क मिळतात. संशोधनाला जायचं असेल तर मात्र पुढचा प्रश्न विचारावा लागतो: तुकड्यातल्या मूलपेशींना ‘विभाजन करा’ आणि ‘आता पुरे’ हे कोण सांगतं?

या प्रश्नाकडे जाणारा एक पेपर जवळजवळ सगळ्यांच्या वाचनयादीत असतो. रेडियन, सांचेझ अल्वाराडो आणि सहकाऱ्यांचा, २००५ चा, ‘डेव्हलपमेंटल सेल’मधला. त्यांनी १०६५ जनुकं एकेक करून आरएनएआयने दाबली आणि त्यातल्या २४० जनुकांच्या बाबतीत काहीतरी बिघाड दिसला. पद्धत वाचताना मजा येते. दुहेरी आरएनए बनवणारे बॅक्टेरिया यकृताच्या लगद्यात कालवून कृमींना खाऊ घालायचे, मग डोकं-शेपूट कापायचं आणि मधला तुकडा काय करतो ते बघत बसायचं. जखमेवर रंगहीन नव्या ऊतीचा कोंब येतो, तो ब्लास्टेमा. आला का, केवढा आला, डोळे उमटले का, अंग पोटाकडे वळलं का, हे सगळं नोंदवायचं. ज्या प्राण्यात तोवर जनुकशास्त्र करणं अवघड मानलं जायचं, त्यात एका दमात हजार जनुकं तपासली. हे काम मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही.

माझी तक्रार आहे हा पेपर ज्या पद्धतीने वाचला आणि वापरला जातो त्याबद्दल, आणि थोडी त्याच्या मांडणीबद्दलही. ‘अमुक जनुक दाबलं, ब्लास्टेमा आला नाही, म्हणून अमुक जनुक मूलपेशींचं विभाजन नियंत्रित करतं.’ सेमिनारमध्ये हे वाक्य कितीदा ऐकलंय! यात दोन उड्या आहेत.

पहिली उडी: ब्लास्टेमा नाही म्हणजे विभाजन नाही. ब्लास्टेमा न येण्याची कारणं बरीच असू शकतात. निओब्लास्ट, म्हणजे या कृमीतल्या मूलपेशी, मेल्या असतील. जिवंत असतील पण विभागत नसतील. विभागत असतील पण त्यांची पिल्लं जखमेपर्यंत पोचत नसतील. पोचूनही त्यांची धड ऊती बनत नसेल. लेखकांना हे माहीत होतं. म्हणून न कापलेल्या प्राण्यांमध्ये काय होतं तेही त्यांनी पाहिलं, आणि कापलेल्यांमध्ये फॉस्फोरिलेटेड हिस्टोन एच३ रंगवून विभागणाऱ्या पेशी मोजल्या. प्रौढ प्लॅनेरियाच्या शरीरात विभागणाऱ्या पेशी निओब्लास्टच असल्यामुळे ही मोजणी इथे खरंच कामाची आहे.

आणि त्याच वर्षी त्याच गटाचा ‘सायन्स’मधला स्मेडवी-२ वरचा पेपर ही उडी किती फसवी आहे ते दाखवतो. हे जनुक दाबलं की पुनर्जनन बंद. पण निओब्लास्ट जागेवर असतात, जखम झाल्यावर विभागतातही, पिल्लं पोचायची तिथे पोचतात. फक्त जुन्या पेशींची जागा घेणं त्यांना जमत नाही. बाहेरून पाहाल तर ‘ब्लास्टेमा नाही’ हेच दिसेल. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा, एकटा पहिला वाचू नका.

दुसरी उडी जास्त महागात पडते: ‘गरजेचं’ म्हणजे ‘नियंत्रक’. एसटीतलं डिझेल संपलं तर एसटी थांबते, पण म्हणून डिझेल काही ड्रायव्हर होत नाही. रायबोसोमची प्रथिनं दाबली तर कुठलीही पेशी विभागणं थांबवेल. अशा चाळणीतून रोजच्या घरकामाची जनुकं आणि निर्णय घेणारी जनुकं एकाच यादीत पडतात, आणि यादी त्यांना वेगळं करत नाही. या यादीतलं ‘नाव छान वाटतं’ म्हणून एक जनुक उचलून पीएचडीचा प्रस्ताव लिहिलात, तर दोन वर्षांनी हाती एवढंच लागेल की पेशीला जगायला प्रथिनं लागतात. उरलेल्या ८२५ जनुकांचंही तसंच. काही दिसलं नाही म्हणजे काही काम नाही असं नव्हे. आरएनएआय जनुक पूर्ण बंद करतोच असं नाही.

मग नियंत्रक ओळखायचा कसा? माझ्या मते काळ आणि दिशा बघून. पी५३ चं उदाहरण घ्या. पिअर्सन आणि सांचेझ अल्वाराडो यांनी २०१० मध्ये दाखवलं की प्लॅनेरियात हे जनुक दाबलं की आधी विभाजन वाढतं, नव्या पिल्लांचं प्रमाण घटतं, आणि पुढे मूलपेशींचा साठाच संपतो. लवकर मोजलंत तर ‘पी५३ विभाजन रोखतं’ असं लिहाल, उशिरा मोजलंत तर बरोबर उलटं. एकाच दिवसाचा बार-आलेख घेऊन कोणी आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: कितव्या दिवशी मोजलं?

जखमेनंतरही हेच. वेनेमोझर आणि रेडियन यांनी २०१० मध्ये विभाजनाच्या दोन लाटा वेगळ्या केल्या. पहिली काही तासांत, अंगभर, साध्या टोचण्यानेही येते. दुसरी साधारण दोन दिवसांनी, जखमेजवळ, आणि ऊतीचा तुकडा खरोखर गेला असेल तरच. सगळ्यांनी (साहजिकच) धरलं की दुसरी लाट हेच पुनर्जननाचं इंजिन. फॉलिस्टॅटिन दाबलं की ही लाट येत नाही आणि पुनर्जननही अडतं, त्यामुळे गोष्ट जुळल्यासारखी वाटली. पण २०१८ मध्ये तिवारी आणि सहकाऱ्यांनी, पुन्हा रेडियन यांच्याच प्रयोगशाळेतून, ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये दाखवलं की ती दुसरी लाट नसली तरी प्राणी गेलेला भाग परत बनवू शकतो. फक्त सावकाश. रोजची झीज भरून काढणारं नेहमीचं विभाजन पुरतं.

मला हा निकाल २००५ च्या यादीपेक्षा जास्त आवडतो, कारण तो स्वतःच्याच गटाची सोयीची गोष्ट मोडतो. मात्र तोही सैल वाचू नका. ‘विभाजन लागत नाही’ असं तो म्हणत नाही. जास्तीचं विभाजन अत्यावश्यक नाही, एवढंच म्हणतो. वेग आणि शक्यता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ब्लास्टेमाचा आकार मोजताना ते नकळत एकच होऊन बसतात. लहान ब्लास्टेमा म्हणजे अपयश की उशीर, हे सातव्या दिवशी प्रयोग आवरला तर कळणारच नाही.

मुलाखतीची तयारी करताय तर हे पाचही पेपर काढा, आधी सारांश न वाचता आकृत्या बघा, आणि प्रत्येक आकृतीशेजारी पेन्सिलीने लिहा: नक्की काय मोजलं, कापल्यानंतर किती वेळाने मोजलं, आणि जनुक दाबायला सुरुवात करून तेव्हा किती दिवस झाले होते. तिसरा आकडा शोधायला बहुतेक वेळा पुरवणी माहितीत घुसावं लागतं.