बाबा पदमनजी : धर्मांतराची साक्ष आणि सनातनी मन

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, या प्रश्नाचे उत्तर सीमाभागातील मराठीच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ‘यमुनापर्यटन’, १८५७, बाबा पदमनजी. या लेखकाचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला आणि १८५४ साली बेळगावातच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, ही गोष्ट मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. परीक्षेपुरते एका ओळीचे टिपण होऊन पदमनजी मागे पडतात. ही उपेक्षा केवळ वाङ्मयीन म्हणता येणार नाही. धर्म बदललेल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

‘अरुणोदय’ हे पदमनजींचे आत्मचरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. कासार समाजातील सुस्थित आणि धर्मनिष्ठ घर, घरातील व्रतवैकल्ये, बेळगावची मिशनरी शाळा, पुढे मुंबईचे शिक्षण आणि परमहंस सभेचा सहवास, असा त्यातील प्रवास आहे. परमहंस सभेचे सभासद जातिभेद मानत नसत, पण एकत्र जेवत ते गुप्तपणे. विचार एक आणि आचार दुसरा, ही कोंडी पदमनजींना सहन झाली नाही. एका रात्रीत पालटलेल्या मनाची ही कहाणी नव्हे. वाचन, शंका, घरच्यांची भीती, माघार आणि पुन्हा विचार असा कित्येक वर्षांचा झगडा त्यात आहे. आमिष किंवा फसवणूक यांपैकी कोणत्याच खान्यात तो बसत नाही. पुस्तकाचा दोषही येथेच सांगितला पाहिजे. मागे सोडलेले घर लेखकाला बहुधा अंधाराच्या रूपानेच दिसते. त्या घरातील माणसांच्या श्रद्धेलाही काही अर्थ असेल, ही शक्यता तो फारशी तपासत नाही. सनातन्यांच्या ज्या एकांगीपणाला तो कंटाळला, त्याच घडणीचा एकांगीपणा नव्या धर्माच्या बाजूने त्याच्या लेखणीत उतरतो.

‘यमुनापर्यटन’मध्ये ही अडचण अधिक स्पष्ट होते. यमुना पतीबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत तिला विधवांच्या एकेक दुःखाचे दर्शन घडते. पुढे ती स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा नुकताच, १८५६ साली, झालेला होता. तरी लेखकाला सुटकेचा मार्ग धर्मांतरातूनच दिसतो. त्यामुळे शेवट आधीच ठरल्यासारखा वाटतो. पण केशवपन झालेल्या, घरात राबणाऱ्या, बोलायला कोणी नसलेल्या बायका जेव्हा आपली हकीकत सांगू लागतात, तेव्हा प्रवचन मागे राहते.

उर्दूच्या अध्यापकांना येथे डेप्युटी नझीर अहमद आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ‘मिरातुल उरूस’ १८६९ चे, म्हणजे ‘यमुनापर्यटन’नंतर बारा वर्षांनी आलेले. पण खरी तुलना ‘तौबतुन्नसूह’शी होते. कॉलऱ्यातून वाचलेला नसूह घरादाराला धर्माच्या वाटेवर आणू पाहतो आणि थोरला मुलगा कलीम याची पुस्तके जाळतो. लेखकाची बाजू नसूहची आहे, वाचकाच्या मनात मात्र कलीम घर करतो. पदमनजींचा धर्म नवा होता, नझीर अहमदांचा वडिलोपार्जित. तरीही कथेला धर्मोपदेशाच्या दावणीला बांधण्यात दोघे सारखेच, आणि कथा दावे तोडून निसटते तेही दोघांच्या बाबतीत सारखेच. (मुस्लिम वाचकाने पदमनजींचा दोष दाखवताना हा दुसरा ग्रंथ हाताशी ठेवलेला बरा.)

या लेखनावर सनातनी पक्षाची प्रतिक्रिया केवळ आंधळी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८७४ पासून ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मिशनऱ्यांवर जी झोड उठवली, तिच्यामागे परकीय राज्य आणि परकीय धर्म हातात हात घालून येत असल्याची रास्त शंका होती. परंतु त्याच ‘माले’त जोतीराव फुल्यांचीही यथेच्छ टिंगल आहे. राज्यकर्त्याच्या धर्माविषयीचा संशय घरातल्या टीकाकारावर कसा वळतो, याचा हा नमुना होय.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हा संशय पूर्णपणे आला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. तेथील काही मुलींचा ओढा ख्रिस्ती प्रार्थनेकडे दिसताच गदारोळ झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. विधवांना आसरा द्यावा, यावर बऱ्याच जणांचे एकमत होते. त्या विधवेने आपला देव आपण निवडावा, हे मात्र सुधारकांनाही झेपले नाही.

हा इतिहास फार लांबचा नाही. कर्नाटकातील धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेने संमत केले ते २३ डिसेंबर २०२१ रोजी, बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. २०२२ साली त्याचा कायदा झाला. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना कळवावे आणि धर्मांतर सक्तीचे किंवा फसवणुकीचे नव्हते हे ते घडवणाऱ्याने सिद्ध करावे, अशी त्यात तरतूद होती. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यातील शिक्षेचे कलम साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावे असे आहे. अज्ञान मुले, मनोविकल व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि स्त्रिया यांच्या बेकायदा धर्मांतराला त्यात अधिक कडक, दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. येथे स्त्री कोणत्याही वयाची आणि कितीही शिकलेली असू शकते. बाप्तिस्म्यानंतरही चर्चच्या अधिकाऱ्यांचे सारे निमूटपणे न मानणाऱ्या आणि त्रैक्याच्या सिद्धान्तावर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालणाऱ्या रमाबाई या कलमात अज्ञान मुलांच्या शेजारी बसतात. यमुनाही तिथेच बसते.