विसरलेला डॉलर

लास व्हेगासच्या कॅसिनोत कुणी यंत्रात डॉलर विसरून उठला, तर ते कुणाचे? आपण म्हणू, सापडेल त्याचे! पण असे पैसे वेचत हिंडणाऱ्याला तिथे बाहेर काढतात. गिऱ्हाइकाचा खिसा रिकामा करणं हा धंदा, अन् आपण चिल्लर उचलली की चोरी! यंत्रातून निघालेली पावती मुदतीत वटवली नाही, तर नेवाडाच्या २०११ च्या कायद्याने ७५ टक्के सरकारला, २५ टक्के कॅसिनोला. विसरणाऱ्याला? बाहेरची मोकळी हवा! म्हणून म्हणतो, आधी मागे वळून पाहावं. एखाद्या आजीबाई चष्मा शोधायला उठलेल्या असतात. त्यांना हाक मारावी. पैसे परत मिळालेलं माणूस त्या दालनात एरवी कुठे दिसायला?