लसूणघासातील परागस्पर्धा : एका अनुमानाची मर्यादा

लसूणघासाच्या बीजोत्पादनाच्या चर्चेत कूपर व ब्रिंक यांच्या १९४० सालच्या निबंधाला मोठे स्थान आहे. परपरागणानंतर सुमारे ६६ टक्के, तर स्वपरागणानंतर सुमारे १५ टक्केच बीजके फलित झाल्याचे त्यांना आढळले. यावरून परकीय पराग स्पर्धेत स्वकीय परागावर मात करतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो.

तो या आकड्यांतून सरळ निष्पन्न होत नाही. निरनिराळ्या फुलांवर एकेकच पराग घातला असता दोहोंची क्षमता कळते, स्पर्धा नव्हे. शेतात मात्र मधमाशीच्या भाराने फूल उघडून केसर व कुक्षी उसळतात, कुक्षीवरील पटल फाटते आणि दोन्ही पराग तेथे एकत्र येऊ शकतात. स्पर्धा मोजावयाची तर परागांचे मिश्रणच वापरले पाहिजे, आणि संततीतील फुलांच्या रंगासारख्या लक्षणावरून पिता ओळखला पाहिजे.

एवढ्यानेही काम भागत नाही. याच निबंधानुसार फलित बीजकांपैकी स्वपरागणात सुमारे ३४ टक्के, तर परपरागणात सुमारे ७ टक्के पुढे नष्ट झाली. केवळ पक्व बीजांची मोजदाद केल्यास बीजकांतील या हानीचे श्रेय परागनलिकांच्या वेगास दिले जाईल.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. स्वपरागित बीजापासून येणारे पीक सामान्यतः दुर्बळ असते. त्याचे प्रमाण कुक्षीवृंतात घटते की बीजकात, हे कळल्यावाचून जनकांची निवड कोणत्या गुणावर करावी, हे पैदासकारास ठरविता येणार नाही. म्हणून बीजगणनेस फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांतील बीजकांच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीची जोड आवश्यक ठरते.