आरसा कुणी ठरवायचा?

मुलांना वाचून दाखवायची 'वैविध्यपूर्ण' चित्रपुस्तकं कशी निवडावीत, या विषयावर तुम्ही संशोधन प्रस्ताव लिहिणार असाल, तर त्यात रुडीन सिम्स बिशप यांचं नाव येणार हे मी आत्ताच सांगते. १९९०च्या त्यांच्या छोट्याशा लेखातून आरसे आणि खिडक्यांची कल्पना आली. काही पुस्तकांत मूल स्वतःला बघतं, काहींतून दुसऱ्याचं जग. कल्पना इतकी सोपी आहे की आपण लगेच तिचे रकाने पाडतो. मीही पाडले होते. आज तक्रार आहे ती त्या रकान्यांबद्दल.

आधी मोजणीच्या बाजूने थोडं. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. निदान एक कृष्णवर्णीय पात्र असलेली निघाली फक्त ६.७ टक्के. हा आकडा नसता तर 'आमच्याकडे सगळ्यांसाठी पुस्तकं आहेत' असं प्रकाशक आरामात म्हणत राहिले असते. म्हणून मोजणीला नावं ठेवू नका. पण मोजणी कपाटाची होते. वर्गात पुस्तक उघडल्यावर काय होतं, ते तिच्यात येत नाही.

माझं काम आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चालतं. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला गावं बहुतेक महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. तिथल्या एका शाळेसाठी मी वारली शैलीतलं एक पुस्तक निवडलं आणि तक्त्यात ऐटीत लिहिलं: 'आदिवासी – आरसा'. वाचून झाल्यावर विचारलं, ही माणसं कोण? एक मुलगा म्हणाला, "भिंतीवरची." शाळेच्या भिंतीवर तसलीच चित्रं रंगवलेली होती! वारली लोक राहतात पालघर-ठाण्याकडे. या मुलांच्या घरात ती चित्रपरंपरा नाही. त्यांच्या घरात हंगामात हिरडा वाळत पडलेला असतो, आणि हिरड्याचं चित्रपुस्तक मला अजून मिळालेलं नाही. 'आदिवासी' हा शासकीय प्रवर्ग मी पुस्तक निवडीचा निकष म्हणून वापरला होता. चूक पुस्तकाची नव्हती, ती माझ्या तक्त्याची होती.

त्याच शाळेत महाश्वेता देवींचं 'क्यूँ-क्यूँ लड़की' नेलं. हिंदी पुस्तक हातात धरून मराठीत सांगत गेले. त्यातली मोयना बंगालमधली शबर मुलगी. तिला मी 'खिडकी'त टाकलं होतं. मोयनाला सकाळी बकऱ्या चारायला न्यायच्या असतात, म्हणून ती शाळेची वेळच बदला म्हणते. या जागी वर्ग एकदम शांत झाला. मग मागून एक मुलगी बोलली, "आमचे सर ऐकतील का?" सर दारातच उभे होते. ते हसले, आणि विषय तिथेच राहिला.

आता सांगा, हे कुठल्या रकान्यात घालू?

गंमत म्हणजे बिशप यांनी हे म्हणून ठेवलंय. प्रकाश बरोबर पडला तर खिडकीचाच आरसा होतो, अशा अर्थाचं विधान त्याच लेखात आहे. उद्धृत करताना नेमका हा प्रकाश गळतो. मूळ लेख वाचा हो, जेमतेम दोन-तीन पानांचा आहे.

जुन्नरचा अनुभव जास्त अवघड होता. 'आपण जंगलात शिरलो नाही तर बिबट्या आपल्याला त्रास देत नाही' अशा वळणाचं एक देखणं पुस्तक मी उसाच्या पट्ट्यातल्या शाळेत वाचलं. पुस्तकात दाट झाडी, मुलं बाहेर, बिबट्या आत. इथे मादी उसातच विते, तोडणीच्या वेळी बछडी सापडतात, आणि बिबट्याच्या हल्ल्यात माणसं, लहान मुलंसुद्धा गेलेली आहेत. माझं वाचन संपताच तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडं लाईट रात्रीची असते. पप्पा दारं धरायला जातात." बस, एवढंच. पण त्या पुस्तकाची याहून नेमकी समीक्षा मी तरी वाचलेली नाही. शेती पंपाची वीज रात्री आली की माणसाला रात्रीच उसात शिरावं लागतं. पुस्तक मात्र शिरणाऱ्यालाच दोषी ठरवतं.

असं पुस्तक वाचूच नये का? माझ्या मार्गदर्शक म्हणतात, नको. मला वाटतं वाचावं, पण शेवटच्या पानावरचा उपदेश ठासून सांगून पुस्तक मिटू नये. त्या दिवशी मी मिटलं होतं. तास संपत आला होता, आणि मुलीच्या बोलण्यावर "हो का, काळजी घ्या हं" एवढंच म्हणाले. ध्वनिमुद्रणात ते अजून आहे. दर वेळी ऐकताना कसंतरी होतं.

तेव्हापासून तक्ता बदललाय. वाचनाआधी माझा अंदाज लिहिते, तारखेसह, आणि नंतर तो खोडत नाही. शेजारी मुलांची वाक्यं, त्यांच्याच बोलीत. 'आमच्याकडं'चं 'आमच्याकडे' करायचं नाही. कोण वाचत होतं, दारात कोण उभं होतं, हेही येतं. तेच पुस्तक आठवड्याने पुन्हा वाचते, कारण पहिल्या वेळी मुलं बरीचशी मलाच बघत असतात. दोन रकाने जुळत नाहीत तिथे मी पेन्सिलीने खूण करते. सध्या जवळपास प्रत्येक पानावर खूण आहे, आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण मला पहिल्यापासून लिहायला घ्यावं लागलंय.