सही नसलेली साक्ष

‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटाने ऑर्सन वेल्स यांचे नाव जगभर पोहोचले. त्यांचा १९७३ सालचा ‘एफ फॉर फेक’ त्या मानाने थोड्यांनीच पाहिला असेल. सुमारे दीड तासाची ही कृती कथापट नव्हे आणि रूढ अर्थाने अनुबोधपटही नव्हे. फ्रान्स्वा रायशेनबाख यांनी केलेल्या चित्रीकरणात स्वतःची भर घालून वेल्स यांनी संकलनाच्या टेबलावर तिला चित्रनिबंधाचे रूप दिले. काळा झगा घातलेल्या जादूगाराच्या रूपात ते समोर येतात आणि पुढील एक तास आपण सत्यच सांगू, असे वचन देतात.

विषय आहे बनावट कलेचा. स्पेनमधील इबिझा बेटावर राहणारा हंगेरियन चित्रकार एल्मिर द होरी हा मातीस, मोदिल्यानी, पिकासो यांच्या शैलीत इतक्या सफाईने चित्रे काढी की जाणकारही फसत. त्याचा चरित्रकार क्लिफर्ड आयर्विंग पुढे अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज यांच्या बनावट ‘आत्मचरित्रा’च्या प्रकरणात १९७२ मध्ये उघडा पडला आणि तुरुंगात गेला. दुसऱ्याच्या शैलीत चित्र काढणे हा अपराध नव्हे. ते दुसऱ्याच्या नावावर खपवणे हा अपराध. म्हणूनच आपण खोट्या सह्या कधी केल्या नाहीत, असे एल्मिर सांगतो. आयर्विंग ते नाकारतो. वेल्स काही न बोलता दोघांचे चेहरे आळीपाळीने दाखवीत राहतात. या मूक क्षणांत दिग्दर्शकाची प्रतिभा प्रकर्षाने जाणवते.

मग अचानक फ्रान्समधील शार्त्रचे कॅथेड्रल पडद्यावर येते. ११९४ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेल्या आणि १२६० मध्ये अभिषेक झालेल्या या मंदिरावर त्याच्या निर्मात्याची सही नाही. वेल्स यांचा स्वर येथे गंभीर होतो. कदाचित नावाला तेवढे महत्त्व नसावे, असे ते सुचवतात आणि लगेच पुढच्या गमतीकडे वळतात.

माझा मतभेद येथेच आहे. एल्मिरच्या चित्रांवरही त्याचे स्वतःचे नाव नव्हते. मग दोन्ही अनामिकता सारख्याच मानायच्या काय? शार्त्रच्या पाथरवटाने नाव कोरले नाही, तरी त्याच्या मौनात कोणाची फसवणूक नव्हती. ते मंदिर कशासाठी उभे आहे, हे त्याचा प्रत्येक दगड सांगतो. एल्मिरने स्वतःचे नाव लपवले ते दुसऱ्याचे नाव विकण्यासाठी. मोदिल्यानी १९२० मध्ये पस्तिसाव्या वर्षी दारिद्र्यात वारला. ज्या नावाने त्याला हयातीत पोटभर अन्नही मिळवून दिले नाही, त्याच नावावर दुसऱ्यांनी पैसा केला. तज्ज्ञांची फजिती पाहून आपण हसतो; पण या लुबाडल्या गेलेल्या मृताकडे चित्रपट क्षणभरही थांबून पाहत नाही. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी आहे, आणि खोटी सही ही खोटी साक्षच होय.

अखेरीस ओया कोदार, पिकासो आणि बावीस चित्रे यांची एक रंगतदार कथा येते. ती संपताच वेल्स सांगतात की गेली सतरा मिनिटे आपण धादांत खोटे बोलत होतो. वचन एका तासाचे होते आणि तो तास केव्हाच उलटून गेला होता! प्रेक्षक चकित होतो, पण लुबाडला जात नाही. कारण जादूगार आपली लबाडी स्वतः कबूल करतो. बनावट चित्र विकणारा मात्र पैसे घेऊन गप्प राहतो.

हा भेद वेल्स यांनी शब्दांत मांडला नाही. मात्र त्यांच्या कृतीत तो स्वच्छ दिसतो. म्हणून हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि शार्त्रच्या त्या दृश्यापाशी दिग्दर्शकापेक्षा थोडे अधिक थांबावे.