काळवीट दिसतो, माळ दिसत नाही

मराठीत ‘हरीण’ हा शब्द ऐसपैस आहे. दरवर्षी शिंगे गाळणारी चितळ, सांबर, भेकर त्यात मावतात आणि शिंगे कधीच न गाळणारे काळवीट, चिंकारा हेही मावतात. प्राणिशास्त्र या दुसऱ्या गटाला गायी-शेळ्यांच्या कुळात बसवते. बोलीला ती विभागणी मान्य नाही, आणि या लेखापुरती मलाही बोलीच सोयीची आहे. विषय आहे आपल्या माळरानावरचे हरीण, म्हणजे मुख्यतः काळवीट, आणि त्याची छायाचित्रे.

दिनदर्शिका, पर्यटनाच्या पुस्तिका, मासिकांची मुखपृष्ठे यांतली काळविटाची छायाचित्रे मी बरीच वर्षे जमवतो आहे. एकापुढे एक मांडली की ती एकाच माणसाने काढली असावीत असे वाटते. पूर्ण काळा झालेला नर, पिळदार शिंगे, सोनेरी उजेड, मागे धूसर पिवळा पडदा. नर उभा तरी असतो, नाहीतर उडी मारताना हवेत असतो. प्रत्यक्ष कळप पाहिलेल्याला माहीत आहे की त्यात संख्येने जास्त असतात त्या बिनशिंगी, पिवळसर तपकिरी माद्या आणि त्याच रंगाचे तरुण नर. छायाचित्रांत त्या जवळजवळ नाहीतच.

ही निवड कुठून आली? माझ्या मते ती शिकारीच्या वहीतून आली. लंडनच्या रोलंड वॉर्ड या कंपनीने १८९२पासून जगभरच्या शिकारींच्या शिंगांची मापे छापायला सुरुवात केली. जनावराची किंमत इंचांत ठरू लागली. पुढे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी फ्रेडरिक चॅम्पियन यांच्यासारख्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ साली आले. बदल मोठा होता, तो नाकारण्याचे कारण नाही. पण बंदूक गेली तरी फूटपट्टी राहिली. आजही ‘चांगला फोटो’ म्हणजे मोठ्या शिंगांचा नर, आणि मादीचा फोटो म्हणजे नर न मिळाल्याची भरपाई.

याच्या शेजारी ‘शाकुंतला’चा पहिला अंक ठेवून पाहावा. दुष्यंताच्या रथापुढे पळणारा मृग काळवीटच आहे. सारथी त्याला ‘कृष्णसार’ म्हणतो. कालिदासाने तिथे उडी टिपली आहेच. पण मान वळवून मागच्या रथाकडे पाहणे, बाणाच्या भीतीने मागचे अंग पुढच्या अंगात ओढून घेणे, दमून उघडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत जाणे, हेही टिपले आहे. म्हणजे चौकटीत हरीण आहे, त्याला पळवणारा आहे आणि त्याचे खाणेही आहे. हरीण देखणे दिसते, तरी ते का पळते हे वाचक विसरू शकत नाही. आपल्या दिनदर्शिकेतल्या उडीला कारण नसते. ती कुणाच्या जीपमुळे मारली, हे मथळा सांगत नाही.

हा आक्षेप केवळ कलेचा असता तर त्यासाठी दिवाळी अंकाची पाने खर्ची घातली नसती. धूसर पडद्यामागे जे जाते त्याचा प्रश्न आहे. तिथे कुसळी गवत असते, मेंढरांचा कळप असतो, विजेचे खांब, ज्वारीचे रान, कडेला नांगरलेली पट्टी असते. ते सगळे पुसले की माळ ‘रिकामा’ दिसतो, आणि रिकाम्या जमिनीचे काय करायचे हे आपल्या व्यवस्थेला चटकन सुचते. केंद्र सरकारच्या भू-संसाधन विभागाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि ऱ्हास झालेली कुरणे ‘पडीक’ या सदराखाली येतात. पडीक म्हटले की झाडे लावा, नांगरा, कारखान्याला द्या. पैकी झाडे लावणे तर पुण्यकर्मच. पण काळवीट नजरेवर आणि वेगावर जगणारा प्राणी आहे. दाट लागवड म्हणजे त्याच्या दृष्टीने घर मोडणे.

याज्ञवल्क्यस्मृती आरंभीच धर्माचा देश कोणता हे सांगताना कृष्णमृग जिथे असतो त्या देशाकडे बोट दाखवते. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. नोंद एवढीच, की तिथे हरणावरून जमिनीची प्रत ठरली. आपण हरणाचे चित्र भिंतीवर लावतो आणि त्याच्या पायाखालची जमीन पडीक ठरवतो.

मराठी साहित्यही याला फारसे आडवे आलेले नाही. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त माळ आहे, मेंढरे आहेत, धनगर आहेत. जनावरांवर पुस्तक लिहायचे तेव्हा ते नागझिऱ्याला गेले. चितमपल्लींचे नाव घेतले की नवेगावबांध आठवते. दोघांचे ऋण मोठे आहे. तरी आपल्या वाचकाच्या मनात वन्यप्राणी म्हणजे विदर्भाचे जंगल आणि माळ म्हणजे माणसांचे दारिद्र्य, अशी वाटणी झाली. माणूस, मेंढरू आणि काळवीट एकाच माळावर चरतात, हे दृश्य दोन्हींच्या मधे राहून गेले.

छायाचित्रकारांचे उत्तर मला ठाऊक आहे. लांब पल्ल्याची भिंग वापरली की पार्श्वभूमी आपोआप धूसर होते, आणि लांबून काढणे हे जनावराच्याच हिताचे. हे खरे आहे. माझी तक्रार भिंगाशी नाही, निवडीशी आहे. त्याच ठिकाणाहून साध्या भिंगाने दुसरा फोटो काढता येतो. त्यात हरीण बोटाएवढे दिसेल, पण माळ दिसेल. सुंदर चित्रामुळे लोकांना प्रेम वाटते, हेही मान्य. पण ते प्रेम कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीपर्यंत पोचत नाही. १९८०मध्ये जाहीर झालेले ते काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सुमारे ५३६ एकरांचे आहे. सुप्याचे मयूरेश्वर, जिथे चिंकारा पाहायला लोक जातात, ५.१४ चौरस किलोमीटरचे. हरणाला ही कुंपणे कळत नाहीत. ते शेजारच्या शेतात उतरते, पीक खाते, आणि नुकसान सोसणारा शेतकरी कुठल्याच फोटोत नसतो. फोटोतला माळ मात्र अथांग वाटतो.

म्हणून संपादकांकडे आणि छायाचित्रकारांकडे मागणी साधी आहे. काळविटाचा एक देखणा फोटो छापाल तेव्हा त्याच जागेचा एक रुंद फोटोही छापा. मथळ्यात ‘माळाचा राजा’ लिहिण्याऐवजी महिना लिहा, नर की मादी ते लिहा, गवत कोणते, मागे मेंढरे कुणाची, हरीण चरत होते की पळत होते, आणि पळत असेल तर कशामुळे, तेही लिहा. नेमकी जागा सांगू नका, तालुका पुरे. एवढ्याने माळ वाचेल असा माझा दावा नाही. पण त्यावर उद्या नांगर किंवा रोपवाटिकेचा ट्रक आला, तर तिथे आधी काय होते याचा एक पुरावा आपल्या हाती असेल.